आपलं काम आपण ठोकायचं नाही

क्लच प्लेट उलटी बसवणं हा शुद्ध गाढवपणा आहे. माझ्या गॅरेजात कुणी तो केला तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते आणि मग प्लेट काढून त्याच्या हातात देते. म्हणून आधीच सांगून टाकते, तो गाढवपणा मी स्वतः केलेला आहे. आणि एकदा नाही.

मी एक्कावन्न वर्षांची. गॅरेज वडिलांचं, आता माझं. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, अशी म्हण आहे ना? मला मिशा नाहीत तरी अर्धा रस्ता मला काकाच म्हणतो. म्हणू देत. तोंड माझं फाटकं आहे, पण हात चोख आहेत, आणि गिऱ्हाइकं काही तोंडासाठी येत नाहीत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. क्लच प्लेट म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी गोल चकती. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये बसते. पॅडल दाबलं की इंजिन आणि चाकं एकमेकांपासून सुटतात, सोडलं की परत धरतात. तिची एक बाजू सपाट, एक फुगीर. फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे आली पाहिजे. इंजिनकडे आली तर तो फुगवटा तिथल्या बोल्टांवर घासतो, आणि मग तुम्ही पॅडल जमिनीत घाला, सुटायचं ते सुटत नाही. आणि ही बया बसते मात्र दोन्हीकडून. बसताना जराही कुरकुर करत नाही.

त्यासाठीच बाबांचा एक नियम होता. प्लेट बसवायच्या आधी हात साबणानं धुवायचे, तान्हं मूल घेताना धुतो तसे, कारण तेलाचं बोट लागलं तरी प्लेट नासते. बोल्ट एकदम आवळायचे नाहीत. एक इकडचा, एक समोरचा, अर्धा अर्धा आटा. आणि सगळं झालं की गिअरबॉक्स वर चढवण्याआधी दुसऱ्या माणसानं वाकून, बॅटरी मारून पाहायचं. बरोबर असेल तर त्या दुसऱ्यानं सतरा नंबरचा पाना घेऊन इंजिनवर दोनदा ठोकायचं. टक, टक. म्हणजे चढवा.

"आपलं काम आपण ठोकायचं नाही," बाबा म्हणायचे. "डोळे आपलेच असतात, ते आपलीच बाजू घेतात."

आम्ही तिघं होतो तेव्हा. बाबा, दादा आणि मी. दादा चोवीसचा, मी वीसची. दादाचं काम बघताना बाबा वाकले न वाकले की टक टक. माझं बघताना अर्धा तास. बॅटरी इकडून मार, तिकडून मार, बोट फिरव. मला त्याचा असा संताप यायचा की सांगता सोय नाही.

बाबांनी भंगारातून एक हिरवी गाडी आणली होती. आईला घेऊन फिरायचं होतं त्यांना, एवढीच हौस. दोन वर्षं रविवारी रविवारी खपून आम्ही ती उभी केली. शेवटचं काम क्लचचं, ते माझ्याकडे आलं. त्या दुपारी मी गाडीखाली खड्ड्यात होते. प्लेट बसवली, बोल्ट आवळले, बाबांना हाक मारली. फाटकाशी कुणीतरी आलं होतं, त्याच्याशी ते बोलत होते. "आलो, आलो." परत हाक मारली. परत "आलो, आलो." दादाला बोलावलं असतं तरी चाललं असतं, तो मागच्या बाजूला टायरात हवा भरत होता. पण माझं डोकं फिरलेलं. सारखं काय तपासायचं? मी काय दूधखुळी आहे? मी पाना उचलला आणि स्वतःच ठोकलं. टक, टक.

बाबांना बाहेर ऐकू गेलं. त्यांना वाटलं दादानं ठोकलं. दादाला मागे ऐकू गेलं. त्याला वाटलं बाबांनी ठोकलं.

संध्याकाळी पाच वाजता गाडी पहिल्यांदा चालू करायची ठरली. हँडब्रेकची केबल यायची होती म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी केलेली. दादा सीटवर बसला. बाबा पुढे, रॉकेलच्या फडक्यानं बॉनेट पुसत होते. त्यांच्या पाठीशी भिंत. भिंत आणि बंपर यांच्यात दीड हात जागा.

"दाब क्लच, मार चावी," बाबा म्हणाले.

गाडीनं एकच उडी मारली.

बाबा तासाभरात गेले. दादा एकच वाक्य बोलत होता. "मी क्लच दाबला होता." दवाखान्यात, घरी, चौकशीला आलेल्या माणसासमोर. त्या माणसानं गाडीत बसून पॅडल दाबून पाहिलं, खाली गेलं, वर आलं. त्यानं लिहिलं, चालवणाऱ्याचा निष्काळजीपणा. पोराचा पाय घसरला असेल, असं सगळे म्हणाले. आई काहीच म्हणाली नाही. पण मरेपर्यंत तिनं दादाच्या हातचा चहा घेतला नाही.

आणि दादा एकदा तरी म्हणाला का, की प्लेट उघडून पाहा? नाही म्हणाला. त्यानं ठोके ऐकले होते ना! ठोके पडले म्हणजे बाबांनी पाहिलं, बाबांनी पाहिलं म्हणजे प्लेट बरोबर, प्लेट बरोबर म्हणजे चूक आपल्या पायाची. हळूहळू तो ते वाक्यही बोलेनासा झाला. गॅरेज सोडलं. पुस्तकबांधणीच्या कामाला लागला, त्यात पायाला काही करावं लागत नाही.

मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय आहे. पण आता खोटं कशाला बोलू? बाबा गेले त्याच आठवड्यात मी ती प्लेट आठवायला बसले होते. फुगीर बाजू माझ्या तोंडाकडे होती की पलीकडे? आठवेना. उघडून पाहिलं असतं तर दोन तासांत कळलं असतं. मी उघडलं नाही. गाडीवर ताडपत्री टाकली आणि सांगितलं, बाबांची शेवटची आठवण आहे, कुणी हात लावायचा नाही. लोक म्हणाले, केवढी माया पोरीची! एकतीस वर्षं ती माया गॅरेजच्या कोपऱ्यात उभी होती.

तीन महिन्यांपूर्वी माझी भाची आली. दादाची एकुलती एक, तेवीस वर्षांची, माझ्यासारखीच तोंडाळ. आल्या आल्या म्हणाली, "आत्या, मी गाडी शिकले. बाबांना सांगू नकोस."

"का? खातोय का तो तुला?"

"ते म्हणतात, आपल्या घरच्यांच्या पायात खोट आहे. म्हणे, आपण चालवायची नाही, कुणाचा तरी जीव जाईल." ती हसत सांगायला लागली होती, पण हसू पुरलं नाही. "आत्या, आजोबांची गाडी चालू कर. मला ती बाबांच्या डोळ्यांसमोर चालवायची आहे. एकदा दिसू दे त्यांना की काही होत नाही."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले. का, ते मला विचारू नका.

ताडपत्री काढली. एकतीस वर्षांची धूळ, उंदरांनी सीट खाल्लेली, टायर बसलेले. ते सगळं असायचंच. पण दार उघडून आत वाकले आणि पॅडलांकडे पाहून तशीच राहिले. तिन्ही पॅडलांना नवी रबरं मी स्वतः चढवली होती, बाबा गेले त्याच्या दोनच दिवस आधी. ब्रेकचं रबर अजून नवं कोरं, वरच्या रेघा जशाच्या तशा. अॅक्सिलरेटरचंही तसंच. क्लचचं रबर मात्र झिजून गुळगुळीत झालं होतं. मध्ये पायाच्या चवड्याएवढा खळगा पडलेला, खालचं लोखंड दिसत होतं. लाख किलोमीटर चाललेल्या टॅक्सीचं होतं तसं.

ही गाडी जन्मात दीड हात चालली होती.

रबर खराब लागलं असेल, मी मनाला म्हटलं. मन काय, म्हणेल त्याला मान डोलावतं. भाचीला बोलता बोलता दाखवलं, तर ती म्हणाली, "बाबा झोपेत डावा पाय असाच ताठ करतात. गादीवर दाबून धरतात. आई म्हणते, लग्न झाल्यापासून बघते आहे, रोज." आणि ती पाण्याची बाटली भरायला निघून गेली. मी तिथंच बसले.

अडीच महिन्यांत मी सगळी गाडी केली. कार्बोरेटर, ब्रेक, वायरिंग, इंजिनसुद्धा जागेवरच खोललं, गिअरबॉक्स न उतरवता. कुठल्याही मेकॅनिकला हे सांगा, तो पोट धरून हसेल. क्लचपाशी मला जायचं नव्हतं, दुसरं काय! शेवटी काही उरलं नाही तेव्हा गेले. भाची पुढच्या रविवारी दादाला घेऊन येणार होती.

सोमवारी दुपारी गिअरबॉक्स उतरवला. हात साबणानं धुतले. बॅटरी मारली. आवरण काढलं, प्लेट बाहेर घेतली.

उलटी होती.

फुगीर बाजू इंजिनकडे. बोल्टांच्या डोक्यांनी फुगवट्यावर सहा चकचकीत ओरखडे काढलेले, एका उडीचे. मी ते बोटानं मोजले. मग खड्ड्याच्या पायरीवर बसून जे काही रडले, ते बाबा गेले तेव्हाही रडले नव्हते. दादानं क्लच दाबला होता. चोवीस वर्षांच्या पोरानं अगदी सांगितलं तसं केलं होतं.

आणि रडून झाल्यावर मी काय केलं? डोळे पुसले, जुनी प्लेट फडक्यात गुंडाळून कपाटाच्या खालच्या खणात टाकली आणि कुलूप लावलं. आता कोणाला काय उपयोग, म्हटलं. आई गेली. दादा साठीला टेकायला आला. नवी प्लेट सुलटी बसवते, पोर गाडी चालवेल, दादा पाहील, झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नवी प्लेट बसवली. सपाट बाजू इंजिनकडे, फुगीर माझ्याकडे. जुन्या शाफ्टचा तुकडा घालून मध्यावर आणली, बोल्ट आवळले, अर्धा अर्धा आटा. आणि माझा हात आपसूक गेला, पाना घेतला आणि ठोकलं. टक, टक. एकतीस वर्षांत माझ्या गॅरेजात कुणी ठोकलं नव्हतं, मी तो नियम बाबांबरोबरच संपवला होता. आवाज खड्ड्यात घुमला.

गिअरबॉक्स चढवला. मागची चाकं जमिनीपासून उचलून गाडी स्टँडवर घेतली, की काही झालं तरी जागची हलू नये. आत बसले. पहिला गिअर, पॅडल पूर्ण खाली, चावी. इंजिन लागलं. आरशात पाहिलं.

मागची चाकं फिरत होती.

पाय माझा जमिनीला टेकलेला. मी पाय आणखी दाबला, चाकं फिरतच होती, हळू, सावकाश. चावी बंद केली. पुन्हा गाडीखाली, पुन्हा गिअरबॉक्स खाली. प्लेट उलटी.

वय झालं, म्हटलं. रडून डोळे सुजलेले, चुकले असेन. मंगळवारी परत केलं. या वेळी प्लेटच्या सपाट बाजूवर पांढऱ्या रंगानं 'इंजिन' असं लिहिलं. बसवली, आणि आवरण लावायच्या आधी मोबाइलवर फोटो काढला. फोटोत फुगीर बाजू, अक्षर एक नाही, अगदी हवं तसं. या वेळी ठोकलं नाही. डाव्या हातानं उजवा हात धरून ठेवला होता, वेड्यासारखा. गिअरबॉक्स चढवला, गाडीत बसले, पॅडल, चावी.

चाकं फिरली.

आमच्या शेडच्या दुसऱ्या अर्ध्या भागात एक डेंटिंगवाला बसतो. जन्मभर पत्रे ठोकून अर्धा बहिरा झालेला, माणूस सरळ. त्याला मी बोलावलं. गिअरबॉक्स त्याच्यासमोर उतरवला, आवरण त्याच्यासमोर काढलं. समोर पांढऱ्या अक्षरात लिहिलेलं, 'इंजिन', आमच्याकडे तोंड करून. मी त्याला मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यानं फोटो पाहिला, प्लेट पाहिली, परत फोटो पाहिला.

"काका," तो म्हणाला, "फोटो खोटं बोलत नाही. प्लेटही खोटं बोलत नाही." मग माझ्याकडे पाहिलं. "मग खोटं बोलणारं उरलं कोण?"

त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. त्याला म्हणायचं होतं, मी त्याची चेष्टा करते आहे. पण माझ्या तोंडचं पाणी पळालं. तो हातोडा घेऊन त्याच्या बाजूला गेला आणि त्या दिवशी परत इकडे फिरकला नाही.

बुधवारी मी काही केलं नाही. प्लेट पुन्हा सुलटी लावून, आवरण आवळून, गिअरबॉक्स खालीच ठेवून बसून राहिले. भर दुपारची वेळ, रस्त्यावर माणसं, पलीकडे पत्र्याची ठोकाठोक. तेवढ्यात गाडीच्या आत काहीतरी करकरलं. मी ओळखते तो आवाज. पॅडलचा. उठून दारातून पाहिलं. सीट रिकामी. क्लचचं पॅडल खाली गेलेलं, पार जमिनीपर्यंत, आणि तिथं थरथरत होतं, जसं कुणी सगळा जीव लावून दाबून धरलंय. गिअरबॉक्स खाली होता, पॅडलची केबल सुटी लोंबत होती. ते पॅडल काहीही दाबत नव्हतं. तरी दाबलेलं होतं.

मला भीती वाटली हे खरं. पण भीतीच्या आधी वाटली ती लाज. तिथं उभी राहून मला दादाचा पाय दिसत होता, गादीवर ताठ झालेला, रोज.

मी फोन लावला.

"बोल," दादा म्हणाला. मागे कागद कापायच्या यंत्राचा आवाज येत होता.

"दादा, क्लच प्लेट उलटी होती."

"कुठल्या गाडीची?"

"बाबांच्या. मी बसवली होती ती."

तो मला समजावल्यासारखं म्हणाला, "असं कसं होईल? बाबांनी पाहिली होती. ठोके मी ऐकले ना."

"ठोके मी मारले, दादा. बाबांनी पाहिलीच नाही. मी माझंच काम ठोकलं."

यंत्राचा आवाज थांबला. कुणीतरी त्याला काही विचारलं. मग फोन बंद झाला.

मी वळून पाहिलं तर पॅडल वर आलेलं होतं.

रविवारपर्यंत त्याचा फोन नाही, निरोप नाही. मी गाडीला हात लावला नाही. येणार नाही, असंच धरून चालले होते. सकाळी दहाला फाटक वाजलं. भाची पुढे, तिचा चेहरा उतरलेला, म्हणजे घरी बोलणं झालं होतं. दादा मागे. गॅरेजच्या उंबऱ्यावर तो थांबला. एकतीस वर्षांनी आत येत होता. केस पांढरे, हाताला खळ लागलेली.

"दाखव," एवढंच म्हणाला.

मी कपाट उघडलं, फडकं सोडलं, जुनी प्लेट त्याच्या हातात दिली. त्यानं ती खिडकीच्या उजेडात धरली. सहा ओरखड्यांवरून अंगठा फिरवला, एकेकावरून. मला वाटलं फेकून मारेल. मारली असती तरी मी हलले नसते.

"तू ओळखलं होतंस?" त्यानं विचारलं.

"शंका होती."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"आई होती तेव्हापासून." तो आवाज चढवत नव्हता, हेच सहन होत नव्हतं. "मी चहा करून तिच्या उशाशी ठेवायचो. थंड झाला की मीच ओतून द्यायचो. तू बघायचीस. आणि तुला शंका होती."

"हो."

"काय माणूस आहेस गं तू?"

भाची रडत होती. मला रडायचा हक्क नाही म्हणून मी नुसती उभी होते. मग मी त्याला बाकीचं सांगितलं, प्लेट कशी उलटते, पॅडल कसं दबलं ते. त्यानं बाही वर सारली, मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, बाबांनी शिकवलं तसे. आणि खड्ड्यात उतरला.

"बॅटरी धर," त्यानं लेकीला सांगितलं. तिनं दोन्ही हातांनी धरली. मी गिअरबॉक्सच्या जॅकपाशी, माझे दोन्ही हात दांड्यावर.

त्यानं आवरण काढलं. प्लेट सुलटी होती. तरी तो बघत राहिला. बॅटरी इकडून मार, तिकडून मार. बोट फिरवलं. आवरण पुन्हा बसवून बोल्ट आवळले, एक इकडचा, एक समोरचा, आणि परत पहिल्यापासून तपासले. अर्धा तास गेला असेल. एकेकाळी याच अर्ध्या तासाचा मला संताप यायचा. आता वाटत होतं, बघ रे दादा, आणखी बघ.

मग त्यानं भिंतीच्या खिळ्यावरचा सतरा नंबरचा पाना मागितला. मी दिला आणि परत जॅकपाशी आले. त्यानं ठोकलं.

टक.

आणि त्याचा हात खाली आला. पाना मांडीपाशी, मान खाली, खांदे हलायला लागले. दुसरा ठोका त्याच्याच्यानं होईना. भाचीनं माझ्याकडे पाहिलं.

टक.

तिघांनीही ऐकलं. भाचीचे दोन्ही हात बॅटरीवर. माझे दोन्ही जॅकच्या दांड्यावर. दादाचा पाना मांडीपाशीच होता. डेंटिंगवाल्याची बाजू बंद, रविवार. दादानं हळूच मान वर केली आणि इंजिनकडे पाहिलं, बोल्टांच्या पलीकडे, जिथं कुणी असायला जागाच नाही.

"चढवा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

दुपारी दोनपर्यंत गिअरबॉक्स चढला, केबल जोडली. मी गाडी स्टँडवर घ्यायला निघाले तर मला काय वाटलं कोण जाणे, जॅक बाजूला ठेवला. गाडी चारही चाकांवर, भिंतीकडे तोंड करून. गिअर पहिला. हँडब्रेक सोडला.

"बस," मी दादाला म्हटलं.

"मी नाही. ती बसेल."

"तू बस."

तो बसला. का बसला, ते त्यालाच ठाऊक. बसल्यावर त्याचा डावा पाय क्लचच्या पॅडलवर गेला आणि रबराच्या त्या खळग्यात बरोब्बर बसला. त्यानं खाली पाहिलं.

मी गाडीपुढून गेले आणि बंपर आणि भिंत यांच्या मधे जाऊन उभी राहिले. पाठ भिंतीला लागली. दीड हात जागा.

"बाजूला हो!" दादा ओरडला. भाचीही ओरडली, "आत्या, वेड लागलंय का?"

"दादा," मी म्हणाले, "तू क्लच दाबलास?"

"बाजूला हो म्हणतो ना!"

"दाबलास की नाही, एवढं सांग."

काचेतून त्याचा चेहरा दिसत होता. पंचावन्नचा नव्हता तो, चोवीसचा होता.

"दाबलाय," तो म्हणाला. मग आणखी एकदा, मोठ्यानं, जसं मागे कुणी तरी नीट ऐकलं नव्हतं. "मी क्लच दाबलाय!"

"मग मार चावी. तू म्हणतोस म्हणजे दाबलायस."

त्याला चावी फिरवायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. माझ्या डाव्या खांद्याला गार वाटत होतं, भिंतीचं नव्हे, आणि रॉकेलच्या फडक्याचा वास येत होता. माझ्या गॅरेजात आता कुणी रॉकेल वापरत नाही. मी वळून पाहिलं नाही. तो वास मला जागा करून देण्यासाठी जरासा सरकल्यासारखा वाटला.

इंजिन लागलं. बॉनेट थरथरलं, बंपर थरथरला. गाडी जागची हलली नाही. एक बोटभरही नाही.

दादा आत बसून ओक्साबोक्शी रडत होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय तसाच ताठ. इंजिन चालू. भाची दाराशी जाऊन म्हणाली, "बाबा, सोडा आता पाय."

"सोडू?" त्यानं काचेतून मलाच विचारलं. "सोडू का गं पाय?"

"आधी गिअर काढ, गाढवा," मी म्हणाले. "मग सोड."

त्यानं गिअर काढला. आणि मग पाय उचलला, इतका सावकाश की पॅडल वर यायला जन्म लागला.

जाताना तो फाटकाशी थांबला. "मी तुला माफ केलंय असं समजू नकोस," म्हणाला.

"नाही समजत."

"ब्रेक तूच केलेस ना?"

"हो."

"कुणी पाहिले?"

मी मान हलवली. कुणी नाही.

"पुढच्या रविवारी येतो," तो म्हणाला. "तोवर पोरीला चालवायला देऊ नकोस."